पडद्यावरचा चेहरा आणि आपल्या लेकरांचे दात

शाळेत गटफोटो काढायची वेळ आली की पोरींच्या रांगेत एखादी तरी अशी असतेच. फोटोवाल्याने "हसा" म्हटले की ती ओठ घट्ट मिटून घेते, नाहीतर ओढणी तोंडावर नेते. घरचे म्हणतात, पोर लाजाळू आहे. ती लाजाळू नसते. वर्गात कुणीतरी तिला 'दातरी' म्हणून हाक मारलेली असते. नाव कुणी पाडले हे पुढे सगळे विसरतात, पण तोंडाकडे जाणारा हात मोठेपणीही खाली येत नाही.

समजा, अशी एक मुलगी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीची आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे या गावाचे नाव घरोघरी गेले, गावात कॅमेरेच कॅमेरे आले. आपली गोष्ट वेगळ्या कॅमेऱ्याची आहे. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. वरचे दात ओठाबाहेर, खालचा जबडा थोडा मागे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले, त्यांनी आईला निरोप दिला की मुलीला दंत महाविद्यालयात दाखवा. मायलेकी वडीगोद्रीच्या फाट्यावर एस.टी. धरतात, पाचोड, आडूळ करीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला पोचतात. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले आहे. बुडालेला रोज मात्र पूर्णच बुडतो.

घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते १९८२ साली सुरू झाले. केसपेपर काढून, दोन-तीन खोल्या फिरून मायलेकी अखेर एका टेबलापाशी बसतात. डॉक्टर कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवतात आणि त्यावर मुलीचाच चेहरा दिसतो, पण आतून. कवटी, जबडे, दात, आणि त्यावर आखलेल्या रेघा. त्या पडद्यावर नेमके काय असते, त्यातले किती खरे धरायचे आणि आपण डॉक्टरांना काय विचारायचे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी शब्दाचे बोलू. आपण म्हणतो 'तार बसवणे' किंवा 'क्लिपा लावणे'. सरकारी कागदावर या शास्त्राला 'दंतव्यंगोपचारशास्त्र' म्हणतात. लेकराच्या दाताला सरकारने व्यंग म्हणावे हे मला काही आवडत नाही, पण विभागाच्या पाटीवर हाच शब्द असतो, तेव्हा तो माहीत असलेला बरा. इंग्रजीत या डॉक्टरांना ऑर्थोडोंटिस्ट म्हणतात. दाताच्या डॉक्टरची साधी पदवी म्हणजे बी.डी.एस. घेतल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयाचे शिक्षण घेऊन ते एम.डी.एस. होतात. बाजारात बसून "दोन महिन्यांत दात सरळ" म्हणणारा यातला नसतो. डॉक्टरचे नाव महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदलेले आहे का, हे विचारण्यात काही कमीपणा नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ही नोंदणी बंधनकारक केली आहे.

दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा पक्का असतो असे आपल्याला वाटते. तसे ते नाही. दाताभोवतीचे हाड जिवंत असते. दातावर हलका पण सतत दाब ठेवला तर ज्या बाजूला तो ढकलला जातो तिकडचे हाड विरघळते आणि मागे राहिलेल्या जागेत नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणून उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात. घाई करून जोर लावला तर मुळे झिजतात. 'दोन महिन्यांत' म्हणणाऱ्याचे काय करायचे ते आता तुम्हीच ठरवा.

दोन वर्षांचा प्रवास म्हटल्यावर आधी नकाशा हवा. पहिल्या एक-दोन भेटींत डॉक्टर तार लावतच नाहीत. चेहऱ्याचे समोरून, बाजूने आणि हसताना फोटो काढतात. मग गाल ओठ बाजूला ओढून तोंडातले फोटो. वाटीसारख्या साच्यात ओली लगदी भरून दातांचा ठसा घेतात आणि त्यात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती बनवतात. ठसा घेताना पोरांना उलटीसारखे होते. अशा वेळी डोके पुढे झुकवायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाची बोटे हलवत राहायचे, म्हणजे लक्ष तिकडे जाते. काही ठिकाणी आता ठशाऐवजी पेनसारखा छोटा कॅमेरा तोंडात फिरवतात आणि दातांची आकृती थेट पडद्यावर उमटते. त्यानंतर दोन एक्सरे. एकात दोन्ही जबडे कानापासून कानापर्यंत उलगडून दिसतात, त्याला ओ.पी.जी. म्हणतात. दुसरा चेहऱ्याच्या बाजूने काढतात, त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. त्या वेळी कानात दोन बोंडे घालून डोके स्थिर धरलेले असते. पोर घाबरते, पण दुखत काहीच नाही.

एक्सरेच्या किरणांची धास्ती बऱ्याच आयांना असते. या दोन एक्सरेंतून मिळणारा किरणांचा डोस फार थोडा असतो. माती, दगड आणि आकाशातून थोडेथोडे किरण आपल्या अंगावर रोजच पडतात, तशा काही दिवसांच्या बरोबरीचा. तरीही बाई गरोदर असेल तर सांगावेच, आणि विनाकारण पुन्हा पुन्हा एक्सरे काढू देऊ नये. 'थ्री-डी स्कॅन' म्हणून जो एक्सरे निघतो, ज्याला सी.बी.सी.टी. म्हणतात, त्याचा डोस याहून कितीतरी जास्त आणि खर्चही जास्त. सुळा हाडात अडकलेला असेल, टाळू फाटलेली असेल किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हा तो कामाचा. साध्या वेड्यावाकड्या दातांसाठी सरसकट तो काढायला लावला तर "याने उपचारात काय फरक पडेल?" असे सरळ विचारावे.

चेहऱ्याच्या बाजूने ठराविक अंतरावरून एक्सरे काढायची ही पद्धत १९३१ ची. अमेरिकेत क्लीव्हलंडला हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफराथ या दोघांनी ती स्वतंत्रपणे मांडली. डोके दर वेळी त्याच जागी धरले म्हणजे आजचा एक्सरे आणि दोन वर्षांनंतरचा एक्सरे एकावर एक ठेवून ताडता येतो, ही त्यातली खुबी. त्यानंतर कित्येक वर्षे डॉक्टर मंडळी उजेडाच्या पेटीवर एक्सरे ठेवून वर पारदर्शक कागद लावत आणि टोकदार पेन्सिलीने हाडांच्या कडा गिरवत. नाकाच्या मुळाशी एक बिंदू, कवटीच्या तळाशी एक, वरच्या जबड्यावर एक, खालच्यावर एक. हे बिंदू रेघांनी जोडायचे आणि कोनमापकाने कोन मोजायचे. वरचा जबडा कवटीच्या मानाने पुढे आहे की मागे, खालचा कुठे, दोघांत अंतर किती, हे त्या कोनांवरून कळते. आपल्या मुलीचे दात बाहेर दिसतात ते दात पुढे आल्याने की खालचा जबडा मागे राहिल्याने, याचे उत्तर डोळ्यांना फसवते, कोन सहसा फसवत नाही. आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट रिकेट्स या अमेरिकन डॉक्टरांनी ही मापे कॉम्प्युटरला द्यायला सुरुवात केली. तेव्हाचा कॉम्प्युटर खोलीभर असे. पुढे १९८० च्या दशकात कॉम्प्युटर टेबलावर आला, कॅमेरा त्याला जोडला गेला आणि एक्सरेच्या रेघा चेहऱ्याच्या फोटोवर बसवता येऊ लागल्या. आता डॉक्टर पडद्यावर बिंदू टिपतात, किंवा कॉम्प्युटर स्वतःच बिंदू सुचवतो आणि डॉक्टर ते तपासून दुरुस्त करतात. कोन क्षणात निघतात. वरचे दात पडद्यावर पाच मिलिमीटर मागे सरकवले की फोटोतला ओठही मागे जातो आणि बाजूचा चेहरा पालटतो. मुलगी एकदम म्हणते, "ही मी?"

माझ्या मते या यंत्राचे खरे मोल त्या दोन शब्दांत आहे. कोन तर पेन्सिलीनेही मोजता येत होते. पण पेन्सिलीने काढलेली आकृती आईला दाखवायची कुणाला गरज वाटत नव्हती. आपली माणसे दवाखान्यात कशी बसतात ते आठवा. खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर धरून. डॉक्टर दोन इंग्रजी शब्द बोलतात आणि विचारतात, "समजलं का मावशी?" मावशी म्हणतात, "हो सायेब." काही समजलेले नसते. पण नाही म्हणायची पिढ्यान्‌पिढ्या चोरी झालेली. मग कागदावर सही किंवा अंगठा, आणि घरी आल्यावर नवरा विचारतो, "काय म्हनले डाक्टर?" तर "तार लावायची म्हनले" याच्या पुढे सांगायला काही नसते. तिसऱ्या महिन्यात तार टोचली, गावातल्या कुणी सांगितले "कशाला भानगड", की उपचार तिथेच सुटतो. अर्धवट सुटलेला उपचार न केलेल्यापेक्षा वाईट.

पडदा समोर आला की ही चोरी थोडी मोडते. बोट ठेवून विचारता येते, हे काय आहे, हे कुठे जाणार? आपण धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. दवाखान्यात याहून वेगळे काही मागायचे नाही. डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवला नाही तर "सर, आम्हाला पण दाखवा" म्हणावे. मुलीला पुढे बसवावे. दात तिचे आहेत, दोन वर्षे तार तिला वागवायची आहे.

दात काढण्याची गोष्ट याच पडद्यावर सुटते. जबडा लहान आणि दात मोठे असले की दाटीवाटी होते. दात मागे न्यायचे तर जागा हवी. तेव्हा डॉक्टर सुळ्याच्या मागचा लहान दाढेसारखा दात दोन्ही बाजूंचा काढायला सांगतात. तो साधारण सात मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे एका जबड्यात दोन काढले की चौदा मिलिमीटर जागा मोकळी होते. हे ऐकताच आजी उठून उभी राहते. "वरचा दात काढला की नजर जाती!" मराठवाड्यात असे घर विरळा, जिथे ही समजूत नाही. दाताची नस वेगळी आणि डोळ्याची नस वेगळी, दात काढल्याने डोळा जात नाही. नजर जाते ती बहुधा वयाने, आणि दातही त्याच वयात पडतात, म्हणून दोन्हींची गाठ मारली गेली. ओ.पी.जी.वर डॉक्टरांना दाताचे मूळ बोटाने दाखवायला सांगा, आजीलाही सोबत न्या. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट म्हणणारीही हीच पिढी. चांगल्या दाताला हात लावण्याआधी "न काढता होणार नाही का?" हे विचारणे मात्र अंधश्रद्धा नव्हे. काही मुलांत दात न काढताही जमते. डॉक्टरांनी दोन्ही आराखडे पडद्यावर मांडून फरक दाखवावा.

आता जरा अवघड गोष्ट. कॉम्प्युटर कोन मोजतो हे ठीक, पण बरोबर कोन कोणता हे त्याला कुणी सांगितले?

विल्यम डाऊन्स यांनी १९४८ साली जे प्रमाण कोन मांडले, ते बारा ते सतरा वर्षांच्या वीस जणांच्या एक्सरेंवरून काढलेले होते. वीसही जण उत्तम दात असलेले आणि वीसही गोरे अमेरिकन. त्यानंतरची बरीचशी नावाजलेली मापेही गोऱ्या लोकांवरूनच आली आणि तीच पुस्तकांतून, मग कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून जगभर गेली. उत्तर भारतीयांची वेगळी मापे १९६९ साली प्रसिद्ध झाली, पुढे देशातल्या इतर भागांतही असे अभ्यास झाले. अनेक अभ्यासांत दिसते की आपल्याकडच्या निरोगी, सुंदर चेहऱ्यांतही दात आणि ओठ गोऱ्यांच्या मापापेक्षा थोडे पुढे, ओठ थोडे भरलेले असतात. म्हणजे प्रोग्रॅममध्ये जुनेच माप ठेवले तर आपली चांगली मुलगी पडद्यावर 'बिघडलेली' दिसणार. म्हणून हे वाक्य लक्षात ठेवा: "डॉक्टर, हे माप भारतीय माणसांचे आहे का?" शिकलेल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, त्यांना तो विषय माहीत असतो.

चेहरा मोजण्याच्या बाबतीत आपला समाज इतका सावध का, हे तरुण वाचकांना सांगायला हवे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी या देशात माणसांची नाके मोजली. नाकाच्या रुंदीवरून वंश ठरतो आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणजे अस्पृश्यता मनूच्या पोथीतून निघून फूटपट्टीवर आली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला, त्यात याच नाकांच्या मापांचा प्रश्न हाती घेतला. डॉ. घुर्ये यांनी एकत्र मांडलेले आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा आहे हे त्या मापांतून सिद्ध होत नाही, उलटच होते. त्यांनी फूटपट्टी फेकून दिली नाही. तीच हातात घेतली आणि मोजणाऱ्याचा निष्कर्ष खोटा पाडला. योगायोग पाहा, डाऊन्स यांची मापे आणि बाबासाहेबांचा हा ग्रंथ, दोन्ही एकाच वर्षातले. ऑर्थोडोंटिस्ट काही रिस्ले नव्हे, तो लेकराला घास नीट चावता यावा म्हणून मोजतो. पण माप कुणाचे, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी?

'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पाहतानाही डोळे उघडे ठेवा. आधीच्या फोटोत मुलगी काळोखात, केस विस्कटलेले. नंतरच्या फोटोत उजेड, पावडर, नवा फ्रॉक आणि रंग दोन छटा उजळ. दात सरळ करायला रंग गोरा करावा लागत नाही. दोन्ही फोटो सारख्याच उजेडात काढलेले नसतील तर ती जाहिरात समजा.

पडद्यावरचे 'नंतर'चे चित्र हा अंदाज आहे. हमी नाही. दात जितका मागे जातो तितका ओठ जात नाही, आणि कुणाचा ओठ किती मागे जाईल हे त्याच्या जाडीवर, ताणावर ठरते. वाढत्या वयातल्या मुलांचा जबडा पुढे कसा वाढेल हे तर कोणताही कॉम्प्युटर नेमके सांगू शकत नाही. चांगले डॉक्टर हे आधीच सांगतात. व्यापारी सांगत नाहीत. १९९७ साली अमेरिकेत पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर आखून दात सरळ करायचा उद्योग सुरू झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य रुग्णाला त्यांचा उपयोग होतो. पण पुढे काही कंपन्यांनी डॉक्टरांना जवळजवळ बाजूला सारले. घरी ठसा घ्या, फोनवर हसरा चेहरा पाहा, पट्ट्या टपालाने येतील. त्यांतली स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी अमेरिकन कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात तिने कुलूप लावले. उपचार अर्ध्यावर असलेले लोक ग्राहक सेवेचा फोन लावत बसले. आपल्याकडेही मोबाइलवर अशा पट्ट्यांच्या आणि हप्त्यांच्या जाहिराती झळकतात. तोंड न तपासता, एक्सरे न काढता, हिरड्या न पाहता जो पडद्यावर हसू विकतो त्याला पैसे देऊ नका.

या यंत्राची खरी गरज कुठे आहे म्हणाल तर फाटलेल्या ओठाच्या आणि फाटलेल्या टाळूच्या लेकरांसाठी. इथे थोडे थांबतो, कारण खेड्यात अजून या आईला बोल लावला जातो. "गिरनात काहीतरी चिरलं असल." ग्रहणात सुरी धरल्याने ओठ फाटत नाही. गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याचे भाग पुढे येऊन जुळत असतात, ते जुळायचे राहतात. कधी आनुवंशिक कारण असते, कधी आहारातली उणीव, तंबाखू, काही औषधे, आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. सूर्य-चंद्राचा संबंध नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. अशा लेकराचा ओठ काही महिन्यांचा असताना शिवतात, टाळू साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत. बहुतेक घरी वाटते, झाले, सुटलो. पण काम पुढे असते. हिरडीच्या हाडात फट राहिलेली असते, त्या फटीपाशी सुळा अडकतो. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात त्या वयात, म्हणजे साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, फटीत हाड भरायची शस्त्रक्रिया करतात. सुळा किती खाली आला, हाड किती भरायचे, कोणत्या महिन्यात भरायचे, हे पडद्यावर पाहून ऑर्थोडोंटिस्ट आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर मिळून ठरवतात. ती वेळ हुकली की सुळाही जातो.

यासाठी सरकारची वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. फाटलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहे. पथक येते त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका. अशा लेकरांना हसते करण्यासाठी मूळचे पंढरपूरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित स्वतः आजारी असताना वर्षानुवर्षे भारतात येऊन फुकट शस्त्रक्रिया करीत राहिले. २०११ साली ते गेले.

आपल्या सातवीतल्या मुलीकडे परत येऊ. तिचा खालचा जबडा मागे आहे, आणि तिचे वय बारा. हे वय सोन्याचे. जबडा वाढत असतो तोवर तोंडात काढता-घालता येणारे साधन देऊन खालचा जबडा पुढे धरायला शिकवता येते. अंगाची उंची झपाट्याने वाढते तोच हा काळ, मुलींत तो मुलांच्या आधी येतो आणि पाळी सुरू झाल्यावर फार रेंगाळत नाही. चेहऱ्याच्या बाजूच्या एक्सरेत मानेचे मणकेही दिसतात. त्यांच्या आकारावरून वाढ किती उरली याचा अंदाज डॉक्टर बांधतात. अठरा-वीस वर्षांनी, लग्न ठरवायच्या वेळी आई-बाप धावत येतात तेव्हा हाडाची वाढ संपलेली असते. मग कधी कधी दात काढणे किंवा जबड्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उरते. सात वर्षांच्या सुमारास एकदा तरी दाखवून घ्यावे असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. दाखवणे म्हणजे लगेच तार लावणे नव्हे. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, किडीने दुधाची दाढ लवकर जाऊन शेजारचे दात त्या जागेत कलंडणे, ही कारणे तेव्हाच थांबवली तर पुढचा बराच खर्च वाचतो.

आणि लग्नाचे म्हणाल तर मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी दात सरळ करायचे असतील तर मला त्यात रस नाही. पुढे आलेले दात पडल्यावर लवकर तुटतात, दाटीतले दात घासले जात नाहीत म्हणून किडतात, घास नीट तुटत नाही. आणि तिला वर्गात मोठ्याने वाचायचे असते, १४ एप्रिलला व्यासपीठावरून भाषण करायचे असते. एवढी कारणे पुरतात.

आता खरी अडचण. दिवाळी झाली की कोयता निघतो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो. चार-पाच महिने मायबाप फडात, आणि तार लावली की डॉक्टर दर महिन्याला बोलावतात. ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका. आराखडा पडद्यावर मांडताना त्यात हे महिने धरता येतात. तार लावायचे काम हंगाम संपल्यावर सुरू करता येते, काही टप्प्यांत भेटींमधले अंतर थोडे वाढवता येते, किंवा मुलगी आजीजवळ गावातच राहिली तर मामा-काका तिला नेऊ शकतात. आजीजवळ राहिली तर शाळाही बुडत नाही, हा लाभ दाताहून मोठा. सोबत नेणे भागच असेल तर कारखान्याच्या गावाजवळचे दंत महाविद्यालय विचारा आणि आधीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी व फोटो-एक्सरे घ्या. हल्ली सगळे फाइलीत असते, नव्या डॉक्टरला तोच नकाशा मिळतो. खर्चाचेही पहिल्याच दिवशी विचारा. सरकारी महाविद्यालयात तो खासगीपेक्षा बराच कमी असतो, तरी साहित्याचे काय द्यावे लागेल, हप्ते चालतील का, हे लिहून घ्या. तिथे शिकणारे डॉक्टर उपचार करतात, त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. वेळ जास्त जातो, पण तपासून तपासून काम होते.

घरी पाळायचे थोडके आहे. तार असेपर्यंत दाताने ऊस सोलणे बंद. फडातल्या पोराला हे सांगणे म्हणजे मोठीच शिक्षा, पण कांडे सोलून, बारीक गंडेऱ्या करून चोखता येते. फुटाणे, चिक्की, पेरू दाताने तोडायचा नाही, भाकरीचा कडक पापुद्रा कालवणात भिजवून खायचा. प्रत्येक जेवणानंतर ब्रश. विनयपिटकात भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा आहे आणि त्याचे फायदेही सांगितले आहेत, दात घासणे ही काही साहेबी चाल नव्हे. घरातल्या बायांनी मिश्री लावायची सोडावी, कारण पोर आईचे पाहूनच बोट डब्यात घालते. तार काढल्यावर डॉक्टर रात्री घालायला साधन देतात, ते रुमालात गुंडाळून कोनाड्यात ठेवले तर वर्षभरात दात पुन्हा आपल्या जागी निघून येतात. मुलीच्या चेहऱ्याचे फोटो दवाखान्याने जाहिरातीत किंवा मोबाइलवर टाकायचे तर आई-बापाची लेखी परवानगी हवी. नको असेल तर नको म्हणा, त्यामुळे उपचार अडत नाही.

सकाळी लवकर निघा, केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते. भाकरी बांधून न्या, आधार कार्ड आणि शाळेतल्या पथकाची चिठ्ठी सोबत ठेवा. निघताना मुलीच्या एक्सरेची आणि पडद्यावरच्या आराखड्याची एक प्रत मागून घ्या, मोबाइलवर दिली तरी चालेल. वडिलांना ती रात्री दाखवता येते, आणि आजीला मुलीनेच समजावून सांगावे, कोणता दात कुठे जाणार ते.